कान, कपाळ आणि आकाश

मी इतिहासाचा मास्तर. पस्तीस वर्षे मुलांना तह, लढाया आणि राजांच्या वंशावळी शिकवल्या. निवृत्तीनंतर मात्र एक निराळाच छंद जडला. ज्या लहानसहान दुखण्यांना इतिहासाच्या पुस्तकात कोणी ओळभर जागाही देत नाही, त्यांची पाळेमुळे मी शोधू लागलो. पडशाचा इतिहास, उचकीचा इतिहास, आणि या दिवाळीला वाचकांपुढे ठेवतो आहे तो विमानात कानांना बसणाऱ्या दड्यांचा आणि कपाळात उठणाऱ्या कळीचा इतिहास. विषय निवडला तोही ऋतू पाहूनच. पाऊस सरतो, हवा पालटते, घरोघर शिंका सुरू होतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत बंगळूर-दिल्लीची मुले फराळाला घरी यायला आणि आईबाप परदेशी लेकीकडे जायला विमानात बसतात. पडसे आणि विमान यांचे वैर किती जुने आहे, हे त्यांना ठाऊक असलेले बरे.

वैर जुने म्हणजे विमानाहूनही जुने. पॅरिस शहरातल्या त्विलरीच्या बागेतून १ डिसेंबर १७८३ रोजी जाक शार्ल नावाचा पदार्थविज्ञानाचा पंडित हायड्रोजन वायूने भरलेल्या फुग्यातून आकाशात गेला. बरोबर रोबेर नावाचा सोबती होता. दोन तासांनी फुगा सुखरूप खाली आला. रोबेर उतरला, फुगा हलका झाला, आणि सूर्य मावळता मावळता शार्लने एकट्यानेच पुन्हा वर जायचे ठरवले. हलका झालेला फुगा बाणासारखा सुटला आणि थोड्याच वेळात सुमारे दहा हजार फुटांवर पोहोचला. खाली मावळलेला सूर्य शार्लला तिथून पुन्हा दिसला. एकाच दिवशी दोन सूर्यास्त पाहण्याचे भाग्य त्याआधी कोणा माणसाला लाभले नसेल! पण त्या आनंदातच त्याच्या उजव्या कानात आणि जबड्याशी जीवघेणी कळ उठली. बिचारा बोडका होता; पायाशी पडलेली लोकरी टोपी त्याने घाईघाईने कानांवर ओढली. टोपीने काहीच झाले नाही. जमीन जवळ आली तेव्हा कुठे कळ ओसरली. शार्ल त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधी फुग्यात बसला नाही.

आपल्याकडे आजही विमानात कानात कापूस घालणारे आणि कानटोपी बांधणारे उतारू दिसतात. त्यांनी हे जाणावे, की या इलाजाची पहिली परीक्षा १७८३ साली झाली आणि त्यात तो नापास झाला.

शार्ल पंडित होता, म्हणून त्याने दुखण्याचे कारणही शोधले. थोडा दोष त्याने थंडीला दिला. पण बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे शरीरातली हवा फुगली, असेही त्याने सांगितले. दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगते, हा नियम इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने १६६२ सालीच मांडलेला होता. तेव्हा शार्लचा तर्क बरोबरच होता. पण तो कोड्याचा अर्धाच भाग झाला. कारण आपल्यापैकी बहुतेकांना विमान चढताना फारसे दुखत नाही. दुखते ते उतरताना. हवा फुगून दुखत असेल, तर चढताना दुखावे. उतरताना का दुखते?

या प्रश्नाचे उत्तर घशात दडलेले आहे. मध्यकर्ण, म्हणजे कानाच्या पडद्याआडची इवलीशी पोकळी. तिच्यापासून नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती जेमतेम दीड इंच लांब असते. प्राचीन ग्रीसमधल्या अल्कमिऑनला तिची चाहूल लागली असावी. शेळ्या कानांनी श्वास घेतात, असे त्याने म्हटले होते, आणि ते चूक आहे असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. पुढे सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने नळीचे नीट वर्णन केले, आणि १७०४ साली बोलोन्याच्या आंतोनियो मारिया व्हाल्साल्व्हा याने आपल्या कानावरच्या ग्रंथात तिला युस्ताकीचे नाव दिले. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, श्वास बाहेर रेटला की हवा नळीतून कानात शिरते, ही युक्तीही त्याच ग्रंथात आहे आणि ती आजवर त्याच्याच नावाने चालते. गंमत अशी, की व्हाल्साल्व्हाच्या मनात आकाशाचा विचारही नव्हता. कानात साचलेला पू बाहेर पडावा, एवढाच त्याचा हेतू. माणूस आकाशात जायला अजून एकोणऐंशी वर्षे अवकाश होता!

या कथेतला सर्वांत करुण पुरुष मात्र लंडनचा. जोसेफ टॉयन्बी हे त्याचे नाव. ज्या अर्नोल्ड टॉयन्बींचे संस्कृतींच्या उदयास्तावरचे ग्रंथ आपल्याकडे एके काळी आवडीने वाचले जात, त्यांचा हा आजोबा. मृतांचे सुमारे दोन हजार कान उघडून त्याने बहिरेपणाची कारणे धुंडाळली. ही नळी एरवी मिटलेली असते आणि माणूस घोट गिळतो तेवढ्या क्षणापुरती उघडते, हे त्याने १८५३ मध्ये दाखवून दिले. नाक दाबून घोट गिळण्याची युक्ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. कानात अखंड चाललेल्या आवाजाने गांजलेल्या रोग्यांसाठी तो औषध शोधत होता. क्लोरोफॉर्मची वाफ हुंगून ती श्वासाच्या दाबाने कानात ढकलावी, असा प्रयोग १८६६ साली त्याने स्वतःवरच केला, आणि तपासणीच्या खोलीतच तो मेलेला आढळला. विमानात गोळी चघळताना आपण ज्या ज्ञानाचा उपयोग करतो, ते मिळवणारा माणूस असा गेला.

आता शार्लचे अर्धे कोडे पुरे करता येते. नळीचे घशाकडचे तोंड मऊ आहे. ते एकमार्गी दरवाजासारखे वागते. वर जाताना कानातली हवा फुगते आणि नळीला आतून ढकलून आपोआप बाहेर निसटते. खंडाळ्याच्या घाटात कानात ‘टक्’ होते ते हेच. खाली येताना उलटे होते. बाहेरचा दाब वाढतो आणि नळीच्या मऊ ओठांना अधिकच घट्ट मिटवतो. हवा आत यायची तर स्नायूंनीच ते दार ओढून उघडले पाहिजे, आणि ते स्नायू घोट गिळताना किंवा जांभई देताना हलतात. दार न उघडले तर कानाचा पडदा आत ओढला जातो, आतल्या नाजूक त्वचेत रक्त साकळते, आणि कळ उठते.

हे सारे आकड्यांत पकडले ते अमेरिकेतल्या आर्मस्ट्राँग आणि हाइम या दोघांनी, १९३७ साली. दाब कमीजास्त करता येणाऱ्या बंद खोलीत माणसे बसवून त्यांनी पाहिले, की बाहेरचा दाब आतल्यापेक्षा पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरने चढला की नळीला कुलूप पडते. मग कितीही घोट गिळा, ती उघडत नाही. ह्या आकड्याचा अर्थ आपल्या मुलखात लावून पाहू. आजचे विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतली हवा दाबून अशी ठेवतात, की उतारूंना आपण सहा ते आठ हजार फुटांवर आहोत असे वाटावे. म्हणजे कळसूबाईच्याही वर, सिमल्याच्या आसपास. आठ हजार फुटांवर पारा सुमारे ५६५ मिलिमीटर असतो, समुद्रकाठी ७६०. आता समजा, विमान उतरू लागताना तुम्ही गाढ झोपेत आहात. झोपेत माणूस फार क्वचित गिळतो. आतली हवा महाबळेश्वरच्या उंचीला येते न येते तोच ८० मिलिमीटरचा फरक पडलेला असतो आणि कुलूप बसते. पुढचे साडेचार हजार फूट तुम्ही बंद कानाने उतरता. जाग येते ती कळीनेच.

कपाळाची गोष्ट याहून अवघड. भुवयांच्या वर आणि गालांच्या हाडांत ज्या पोकळ्या आहेत, ज्यांना आपण सायनस म्हणतो, त्यांची नाकाकडे उघडणारी भोके बारीक असतात, आणि कानाच्या नळीसारखा एखादा स्नायू त्यांना उघडायला नाही. पडशाने आतली त्वचा सुजली की भोक बुजते. मग उतरताना पोकळीत आतल्या आत ओढ बसते आणि भुवईवर कोणी खिळा ठोकावा तसे होते. इथे घोट गिळून भागत नाही. सूज आधीच उतरवलेली असावी लागते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक या दुखण्याने इतके हैराण झाले, की डॉक्टरांना त्याला स्वतंत्र नाव द्यावे लागले.

मध्यंतरीच्या काळात उतारूंचे काय चालले होते? अमेरिकेत १९३० च्या मे महिन्यात पहिल्या आठ हवाई सुंदरी नेमल्या गेल्या, त्या आठही शिकलेल्या परिचारिका होत्या, आणि त्या दशकात उतारूंच्या हाती चघळायचा गोंद देणे हे त्यांच्या नित्याच्या कामांपैकी एक झाले. आपल्याकडे ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. त्या विमानांत आतली हवा दाबण्याची सोय नव्हती. बाहेर जी हवा तीच आत. पुढे विमाने सुधारली तरी तबक राहिले. माझ्या पहिल्या विमानप्रवासात, १९७० च्या दशकात, असे तबक माझ्यापुढे आले होते. त्यात लिमलेटच्या गोळ्या, बडीशेप आणि कापसाचे बोळे होते. आम्ही सगळे ते पाहुणचार म्हणून घेत होतो. गोळी तोंडात धरल्याने लाळ सुटते, लाळ सुटल्याने घोट जातो आणि घोटाने टॉयन्बीची नळी उघडते, हे कोणी सांगितले नाही. कापूस मात्र शोभेचाच होता.

महायुद्धाने दोन गोष्टी दिल्या, एक चांगली आणि एक वाईट. सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन वैमानिकांना क्षणात हजारो फूट खाली यावे लागे आणि दोन्ही हात कामात असत. हेर्मान फ्रेंझेल या डॉक्टराने त्यांना नवी युक्ती शिकवली. छातीने जोर न लावता, घसा आतून मिटून, जिभेचे मूळ मागे वर दाबायचे. ‘क’ म्हणताना जीभ जशी टाळूला लागते तशी. जोर थोडा आणि काम नेमके. वाईट गोष्ट अशी, की त्याच काळात अमेरिकन सैन्यात हजारो वैमानिकांच्या आणि पाणबुड्यांवरील नाविकांच्या नाकात रेडियमची कांडी घालून नळीच्या तोंडाशी वाढलेले मांस जाळून काढण्यात आले. युद्ध संपल्यावर तोच इलाज कान वाहणाऱ्या लहान मुलांवरही झाला. किरणांचे दुष्परिणाम ध्यानात आल्यावर तो बंद पडला. तातडीच्या गुणाचा मोह इतिहासात किती महागात पडतो, याची ही एक नोंद.

खरा उतारा सापडला तो डॉक्टरांना नव्हे, विमान बांधणाऱ्यांना. आतली हवा दाबून ठेवणारे पहिले प्रवासी विमान, बोइंग ३०७, हे १९४० साली कामावर रुजू झाले. आठ वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, ‘मलबार प्रिन्सेस’ हे मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघालेले विमानही आतली हवा दाबून ठेवणारेच होते. मग कोणी विचारील, आठ हजार फूट तरी कशाला? आत सरळ समुद्रकाठची हवा का भरीत नाहीत? त्याचे उत्तर १९५४ सालाने दिले आहे. दर उड्डाणात विमानाची काया फुग्यासारखी ताणते आणि सैल होते. त्या ताणाने थकलेली धातूची कातडी फाटून जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन विमाने भूमध्य समुद्रावर फुटली. ३५ आणि २१ माणसे गेली. आत जितका दाब अधिक, तितका कातडीवर ताण अधिक. म्हणून विमानकर्ते मध्यावर तडजोड करतात. धातूऐवजी कार्बनच्या धाग्यांची काया असलेले बोइंग ७८७ हे २०११ पासून सेवेत आहे. त्यात ही उंची सहा हजार फुटांवर आणता आली आहे. आणि ही सोय नसली तर काय होते, ते २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईकरांनी पाहिले. जयपूरला निघालेल्या एका विमानात हवा दाबण्याची कळ चालू करायची राहून गेली. तिसेक उतारूंच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान परत फिरवावे लागले.

इतके सगळे ज्ञान असताना माणसे अजून का सोसतात? आमच्या शेजारच्या एका वहिनींची हकीकत सांगतो. लेक जर्मनीत. पहिल्या प्रवासात विमान उतरू लागले आणि त्यांच्या डाव्या भुवईवर असह्य कळ उठली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. विमान थांबल्यावर अर्ध्या तासात सारे शांत. परतीच्या वेळी तेच. घरी कोणी म्हणाले, “भीतीने दुखतं”, कोणी म्हणाले, “वयाचं आहे, सोसायचं.” डॉक्टरांनी फोटो काढले, त्यांत पडसे नाही की सायनसची सूज नाही. वहिनींनी मला अगदी हळू आवाजात विचारले, “भाऊजी, खरंच का हो हा माझ्या मनाचा खेळ आहे?” नातू झाला, रांगला, बोलू लागला, त्या फोनवर त्याचा आवाज ऐकत राहिल्या, पण गेल्या नाहीत. तीन वर्षे गेली अशी.

वहिनींच्या दुखण्याला नाव आहे. विमानातली डोकेदुखी म्हणून तिची पहिली नोंद वैद्यकाच्या नियतकालिकात २००४ साली झाली, आणि २०१३ साली डोकेदुखींच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत तिला स्वतंत्र जागा मिळाली. बहुधा एका बाजूला, डोळ्याच्या व भुवईच्या भागात, मुख्यतः उतरताना उठणारी तीव्र कळ, आणि अर्ध्या तासात ओसरणारी. वर्णन वाचून दाखवले तेव्हा वहिनी काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे आणखी कुणाला होतं तर!” तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना प्रवासापूर्वी घ्यायचे औषध लिहून दिले, आणि गेल्या वर्षी त्या जाऊन आल्या. थोडे दुखले, पण नातू भेटला.

सोसणाऱ्यांत सर्वांत मुके ते तान्हे मूल. त्याची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, आणि ‘घोट गिळ’ हे त्याला सांगता येत नाही. विमान उतरू लागले की ते रडते, आणि आसपासची शहाणी माणसे आईकडे रागाने पाहतात. खरे म्हणजे रडताना नळी थोडीफार उघडते. त्या जिवाला जमणारा इलाज तेच करत असते. आईने त्या वेळी त्याला पाजावे, आणि शेजाऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवावी.

आता या इतिहासातून हाती लागलेले चार शब्द. विमान उतरू लागायच्या आधीच जागे व्हा; हवाई सुंदरी पट्टा बांधायला सांगते तोवर गोळी तोंडात असू द्या. घोट, जांभई, नाक दाबून घोट, हे सुरुवातीपासून थोड्या थोड्या वेळाने करा. कुलूप पडेपर्यंत थांबू नका. व्हाल्साल्व्हाची युक्ती हळुवार करायची आहे. शंख फुंकायचा नाही. पडसे असेल तर सूज उतरवणारे नाकाचे थेंब उतरण्याच्या अर्धा तास आधी उपयोगी पडतात. पण ते प्रवासापुरतेच, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पडसे फार जड असेल, कान दुखतच असेल, तर तिकीट पुढे ढकलणे हाच शहाणपणा. उतरल्यावरही दोनतीन दिवसांत दडा सुटला नाही, ऐकू कमी आले किंवा चक्कर आली, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. घरी तेल ओतू नये.

जाक शार्ल शहाणा होता, श्रीमंतांच्या बैठकीत मानाचा होता, आणि तरीही दोन सूर्यास्त पाहून आल्यावर पुन्हा वर गेला नाही. त्याला अडवणारे दार किती लहान होते आणि एका घोटाने कसे उघडते, हे कळायला आणखी सत्तर वर्षे लागली. आपल्याला ते कळलेले आहे. यंदा विमानाने घरी येणाऱ्या मुलांना फराळाच्या डब्याबरोबर परतीच्या वाटेसाठी मूठभर लिमलेटच्या गोळ्याही बांधून द्या, आणि त्या कशासाठी आहेत ते सांगा.